ब्रेक के बाद!

मागे एकदा याच पानावर मी मोठ्या थाटात जाहीर केलं होतं, की अस्मादिकांनी गाडी घेतली! सेकंडहँड. २०१४चं मॉडेल, छोटी पेट्रोल हॅचबॅक, ६२ हजार किलोमीटर पळालेली. रंग आरसी बुकात सिल्व्हर, प्रत्यक्षात ‘एकेकाळी सिल्व्हर’. फ्रीलान्सरच्या बजेटमध्ये एवढंच बसतं. ज्यांचं पेमेंट तीन-तीन महिने येत नाही त्यांनी सनरूफची स्वप्नं बघू नयेत, हे मास कॉमला कुणी शिकवत नाही. शिकवायला हवं.

गाडी घेताना मी अगदी जागरूक ग्राहकासारखी वागले होते. बोनेट उघडून आत गंभीर चेहऱ्याने बघितलं. (काय बघितलं ते विचारू नका.) चारही दारं उघडून-लावून झाली, एसी झाला, म्युझिक सिस्टिमवर तर चांगली दहा मिनिटं गेली. डिकीतल्या स्टेपनीलाही हात लावला. ब्रेक? दाबला, गाडी थांबली, पुढे चला! ब्रेकमध्ये यापेक्षा आणखी काय बघायचं असतं, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी खांदे उडवले असते.

आता नाही उडवणार.

झालं असं, की गणपतीला आईला घेऊन मामाकडे जायचं ठरलं. मामाचं गाव माणगावच्या पुढे. म्हणजे पुण्याहून पौड, मुळशी आणि मग ताम्हिणी घाट. आजवर आम्ही मायलेकी एसटीनेच गेलो. यंदा पहिल्यांदाच घरची गाडी आणि ड्रायव्हर मी. आईने ही बातमी सोसायटीत मजल्यावार पोचवलेली. तेव्हा निघायच्या आठवडाभर आधी मी शहाण्यासारखं गाडीचं सर्व्हिसिंग करून घेतलं. एक चकाचक मल्टिब्रँड सर्व्हिस सेंटर आहे. काचेची केबिन, फुकट वायफाय, कॉफी मशीन, फुल टू कॉर्पोरेट. बिलावर इंजिन ऑइल, फिल्टर वगैरेंच्या खाली तीन ओळी होत्या: पुढचे ब्रेक पॅड बदलले, मागचे ब्रेक साफ करून अ‍ॅडजस्ट केले, ब्रेक ऑइल बदललं. गाडी हातात देताना तिथला पोरगा सहज म्हणाला, ‘‘मॅडम, जुनं ऑइल एकदम काळं निघालं. चहाच म्हणा ना.’’ मी हसले. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

घरी येताना कर्वे रोडला सिग्नल लागला. नेहमीचा, नव्वद सेकंदांचा. पाय ब्रेकवर, एफएमवर कुणीतरी बडबडतंय, पुढे रिक्षा. आणि माझ्या लक्षात आलं, की माझा पाय खाली चाललाय. मी दाबत नव्हते. नुसता ठेवला होता. लिफ्ट हळूच खाली जावी तसं पेडल इंचभर, मग आणखी थोडं खाली गेलं आणि एका जागी थांबलं. पाय उचलून परत दाबला तर पेडल वर, घट्ट, काही झालंच नाही अशा थाटात. परत ठेवला. परत लिफ्ट.

रस्त्याला तिथे किंचित उतार आहे. गाडी दोन बोटं पुढे सरकली, रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. मी हँडब्रेक ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हिस सेंटरला. सुपरवायझर सभ्य होता, खोटं कशाला बोलू? स्वतः सीटवर बसला. पेडल तीनदा धाडधाड दाबलं. ‘‘बघा मॅडम, हार्ड आहे.’’ मी बघितलं, खरंच हार्ड. कंपाउंडमध्ये एक चक्कर मारून गाडी करकचून थांबवून दाखवली. थांबली. मग ते वाक्य आलं, जे ऐकायला मी बहुधा जन्मले आहे, ‘‘नवे पॅड आहेत मॅडम, सेट होतील. पाचशे किलोमीटर चालवा. आणि तुमची पहिलीच गाडी ना? सवय होईल.’’

‘‘पण पेडल खाली जातंय...’’

‘‘तुमच्या समाधानासाठी परत एकदा एअर काढून देतो.’’

माझ्या समाधानासाठी! जसं काही मी देवळात आले होते. दोन पोरं आली, एक सीटवर बसून पंपिंग मारतोय, दुसरा चाकाशी पाना घेऊन, ‘दाब... धर... सोड...’ चालू. अर्ध्या तासात गाडी परत. येताना तोच सिग्नल, तीच लिफ्ट.

आता खरं सांगते. त्या संध्याकाळी मला गाडीची जेवढी भीती वाटत होती त्यापेक्षा जास्त शंका स्वतःची येत होती. पेपरवर काम ओके, माणूस अनुभवी, त्याच्या पायाखाली ब्रेक घट्ट. मग माझ्याच पायाखाली का जातो? कदाचित असतीलच सगळ्या गाड्यांचे ब्रेक असे. माझ्याकडे तुलना करायला दुसरी गाडी कुठाय! मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, ‘‘अगं, जुन्या गाड्या असतातच तशा. जा बिनधास्त.’’ घाटाला चार दिवस उरले होते. शेजारच्या सीटवर आई बसणार होती.

मामाला फोन लावला. मामा एसटीत ड्रायव्हर होता. तीस वर्षं कोकणातल्या घाटांत गाडी चालवली आणि आता रिटायर होऊन सुपारीच्या झाडांवर हुकूम सोडतो.

‘‘मामा, ब्रेक सॉफ्ट झालाय.’’

‘‘सॉफ्ट म्हणजे?’’

‘‘म्हणजे... मऊ.’’

‘‘मऊ भाकरी असते. ब्रेकचं काय होतं ते नीट सांग. पाय लावला की निम्म्यापर्यंत मोकळाच जातो आणि मग धरतो? का स्पंज दाबल्यासारखा लागतो? का आधी धरतो आणि मग बसत जातो?’’

मी गप्प. तीन वेगळी दुखणी आणि मी दोन दिवस सगळ्यांना एकच शब्द सांगत फिरत होते. इंटरव्ह्यू घेणं हा माझा धंदा आहे, आणि माझ्याच पायाला मी एकही धड प्रश्न विचारला नव्हता.

‘‘तिसरं,’’ मी म्हटलं. ‘‘आधी धरतो. मग बसत जातो.’’

‘‘हळू दाबलास की जोरात?’’

‘‘हळू. सिग्नलला नुसता पाय ठेवला की. जोरात दाबला तर घट्ट असतो.’’

फोनवर जरा शांतता. मग मामा म्हणाला, ‘‘तू काही चुकीचं बोलत नाहीयेस. पण मी हवेच्या ब्रेकवाला, तुझा तेलाचा. आमच्या एसटीत हवाच ब्रेक लावते. तुझ्या गाडीत हवा शिरली तर ब्रेक जातो. माझा शब्द शेवटचा धरू नकोस, जाणत्याला दाखव. आणि तोपर्यंत गाडी हलवू नकोस.’’ आमच्या डेपोत एक जण होता, म्हणाला, तो आता पुण्यात नाना पेठेत पुतण्याच्या गॅरेजवर बसतो. जातेस?

गाडी हलवायची नव्हती, त्यामुळे टोइंगवाल्याला बोलावलं. आईच्या बातमीला सोसायटीत जोड मिळाली.

नाना पेठ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुण्यात गाडीचा कुठलाही पार्ट हवा असेल तर माणूस शेवटी इथेच येतो. अरुंद गल्ल्या, दुकानाबाहेर टांगलेले सायलेन्सर, रस्त्यातच चाललेली कामं. इथे कॉफी मशीन नव्हतं. काका स्टुलावर बसलेले, साठी उलटलेली, शर्टाच्या खिशात टॉर्च. गाडीकडे बघायच्या आधी त्यांनी हात पुढे केला. ‘‘बिल आणलंय?’’

मी सर्व्हिस सेंटरचं बिल दिलं. ते त्यांनी पुढून-मागून असं वाचलं, जसं आमचे एडिटर माझी कॉपी कधीच वाचत नाहीत. ‘‘सर्व्हिसिंगच्या आधी होतं का असं?’’ नव्हतं. ‘‘मग ज्याला हात लागला तिथूनच सुरुवात करायची. पॅड, लायनर, ऑइल.’’

आधी त्यांनी मला एक गोष्ट समजावून सांगितली, ती मी इथे माझ्या भाषेत सांगते, कारण त्यांची भाषा या पानावर छापता येणार नाही. इंजेक्शनची सिरिंज घ्या. पाण्याने भरा, पुढचं भोक बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. हलणार नाही, कारण द्रवाला दाबून लहान करता येत नाही. आता आत थोडी हवा सोडा आणि दाबा. दबतो, सोडला की परत येतो. तोच तुमचा स्पंज. गाडीत तुमचा पाय म्हणजे दट्ट्या, बोनेटखालचा मास्टर सिलिंडर ही मोठी सिरिंज आणि चारही चाकांशी छोट्या सिरिंजा, मध्ये पाइप. मास्टरमध्ये दाब दिला की तो तेलातून चाकापर्यंत जातो. सतराव्या शतकातल्या पास्कल साहेबांचा नियम, आपण शाळेत पाठ करून पेपरात लिहून विसरलेला. १९२१ साली अमेरिकेत ड्युसेनबर्ग नावाची एक शाही गाडी आली, चारही चाकांना असे तेलाचे ब्रेक देणारी. तेव्हापासून मूळ फंडा बदललेला नाही.

आता तिसरी शक्यता. सिरिंजमध्ये हवा नाही, फक्त दट्ट्याचं रबर फाटलंय. जोरात झटका दिला तर रबर पसरून भिंतीला चिकटतं आणि दाब धरतं. हळू दाबलं तर तेल रबराच्या कडेने मागे सटकतं. आतल्या आत! बाहेर एक थेंब नाही, डबीतलं ऑइल कमी नाही, जमिनीवर डाग नाही. फक्त पाय खाली.

म्हणजे सुपरवायझर खोटं बोलत नव्हता आणि मीही नाही. तो धाडधाड दाबत होता, मी हळू. माझ्या अंगावर काटा आला तो इथे. गाडी तपासताना माणूस जोरातच दाबणार. आणि हे दुखणं दिसतं ते फक्त हळू दाबणाऱ्याला.

पण काका माझ्या शब्दावर थेट पार्ट बदलणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी एकेक गोष्ट बाजूला काढत नेली. हे तुम्ही स्वतः पार्किंगमध्ये करून बघू शकता, म्हणून जरा सविस्तर.

इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा दाबायचं. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. तसंच दाबून धरायचं आणि गाडी स्टार्ट करायची. पेडल पायाखाली किंचित, जेमतेम अंगठाभर खाली जायला हवं. गेलं तर बूस्टर चालू आहे. माझं गेलं. (इथे घाबरू नका. स्टार्ट करताना एकदा खाली जाणं हे चांगलं लक्षण. जायलाच पाहिजे ते.)

मग हँडब्रेक. माझ्यासारख्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. ड्रम काढून साफ करताना आतले लायनर सैल करावे लागतात, आणि परत नीट अ‍ॅडजस्ट केले नाहीत तर त्यांना ड्रमपर्यंत पोचायला जास्त तेल लागतं, म्हणून पेडल खोल जातं. आणि दोन-तीनदा पंप केलं की वर येतं. हे ओळखायची काकांची ट्रिक मला सॉलिड आवडली. हँडब्रेक चार-पाच दात ओढायचा म्हणजे लायनर ड्रमला टेकतात. मग पेडल दाबून बघायचं. एकदम वर आणि कडक लागलं तर दोषी मागचे लायनर. माझ्या गाडीत काहीच फरक पडला नाही. ‘‘हे काम पोरांनी बरोबर केलंय,’’ काका म्हणाले.

पॅडचं पण बघितलं. नवे पॅड सुरुवातीला थोडे कमी पकडतात, हे खरं आहे, सुपरवायझर तिथेही खोटा नव्हता. पण कमी पकडणं वेगळं आणि पाय खाली जाणं वेगळं. (पॅड बदलून आलेली गाडी हलवायच्या आधी जागेवरच पेडल चार-पाचदा दाबायचं, हे मात्र ध्यानात ठेवा. पॅड घालताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकललेला असतो. पहिला ब्रेक सरळ तळाला जातो आणि तो पहिला ब्रेक तुम्ही गेटबाहेर ट्रॅफिकमध्ये मारला असेल तर...)

मग टॉर्च घेऊन चारही चाकांच्या आतल्या बाजू, रबरी होज, ड्रमखालची कड, शेवटी मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे चिकटतो ती फट. सगळीकडे बोट फिरवलं. कोरडं. निपल बघितले. हवा वर चढते, त्यामुळे हवा काढायचा निपल कॅलिपरच्या वरच्या बाजूलाच हवा. कुणी डाव्या-उजव्याची अदलाबदल केली तर तो खाली येतो, आणि मग दिवसभर ‘दाब-धर-सोड’ केलं तरी हवा आतच. माझे वरच होते. एबीएसवाली गाडी असती तर त्या युनिटमध्येही हवा अडकते आणि काही गाड्यांत ती काढायला स्कॅनर लावावा लागतो. भारतात सगळ्या नव्या कार्सना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९पासून. माझी त्याआधीची, त्यातून बेस मॉडेल, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता. गरिबीचा एक फायदा!

‘‘आता तुम्ही बसा,’’ काका म्हणाले. ‘‘तुम्ही सिग्नलला ठेवता तसा पाय ठेवा. माझ्यासारखा नाही. तुमच्यासारखा.’’

इंजिन बंद, व्हॅक्यूम संपवलेला, पाय हलका. ते घड्याळ बघत होते. दहा सेकंद, काही नाही. वीस सेकंदांना पेडल निघालं खाली. काका खाली वाकून माझ्या बुटाकडे बघत होते आणि मला, काय सांगू, रडू येईल असं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला तरी ते दिसत होतं.

शेवटची टेस्ट त्यांनी पुतण्याकडून करून घेतली. मास्टर सिलिंडरपासून चाकांकडे जाणारे पाइप सोडवले आणि त्या तोंडांना डमी बोल्ट लावून आतली हवा काढली. आता चाकं, कॅलिपर, होज सगळं सर्किटच्या बाहेर. उरला फक्त सिलिंडर. तो चांगला असेल तर पेडल सिमेंटसारखं लागणार. मी पाय ठेवला. लिफ्ट खाली.

सिलिंडर उघडला. आत दोन पिस्टन एकामागोमाग असतात, प्रत्येकाचं वेगळं घर. माझ्यासारख्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत बहुधा एक घर एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक सांभाळतं, दुसरं घर उरलेली दोन. एक गेलं तरी दोन चाकांना ब्रेक राहावा म्हणून ही सोय. माझं एक घर फुटलं होतं. म्हणून पेडल खाली जाऊन एका जागी थांबायचं. ते दुसरं घर होतं. दोन दिवस मी त्याच्या भरवशावर फिरत होते.

काकांनी रबराची वाटी माझ्या तळहातावर ठेवली. आठ आण्याएवढी. कडेला एक चीर, नखाएवढी. मग टॉर्च सिलिंडरच्या आत मारला. भिंत चकचकीत, आणि अगदी टोकाला बोटभर भाग खरखरीत, तपकिरी.

‘‘जुनं ऑइल कसं निघालं होतं?’’

‘‘चहासारखं,’’ मी म्हटलं. पोरगा आठवला.

झालं, गोष्ट तिथे जुळली. ब्रेक ऑइल हे आपण नुसतं म्हणायला ऑइल म्हणतो, ते तेल नाहीच. बहुतेक गाड्यांत ग्लायकॉलच्या जातीचं रसायन असतं आणि ते हवेतलं पाणी शोषून घेतं. (खरं खनिज तेल, इंजिन ऑइल वगैरे, चुकून त्यात पडलं तर रबरं फुगून सगळी सिस्टिम निकामी होते. डबीचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका.) म्हणूनच ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं. माझ्या आधीच्या मालकाने बहुधा गाडी घेतल्यापासून बदललंच नव्हतं. त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजला, पण फक्त टोकाला, कारण रोजच्या ब्रेकिंगमध्ये पिस्टन तिथपर्यंत जातच नाही. जिथपर्यंत जातो तो भाग घासून साफ राहतो. आणि मग सर्व्हिस सेंटरमध्ये ऑइल बदलताना पोराने पेडल तळापर्यंत दाबून पंपिंग मारलं. जुनं, कडक झालेलं रबर दहा वर्षांत पहिल्यांदा त्या खरखरीत भागावरून गेलं. एकदा नाही, पन्नासदा. मी तक्रार केल्यावर ‘माझ्या समाधानासाठी’ परत पन्नासदा!

‘‘मग चूक कुणाची?’’ मी विचारलं. पत्रकाराला एक आरोपी लागतो.

काकांनी कोपऱ्यातून लाकडाचा एक ठोकळा आणला, काळाकुट्ट, झिजलेला. जुन्या गाडीत पंपिंग मारताना हा पेडलखाली ठेवायचा, म्हणजे ते तळाला जात नाही. ‘‘ऑइल बदललं हे बरोबरच केलं त्यांनी. न बदलता घाटात गेला असता तर वेगळी तऱ्हा झाली असती.’’ ती तऱ्हा अशी: नवं डॉट-३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं, की हाच आकडा १४० वर येऊ शकतो. डॉट-४चे आकडे २३० आणि १५५. घाटात कुणी सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं तर डिस्क तापते, ऑइल उकळतं, वाफ होते. वाफ म्हणजे परत सिरिंजमधली हवा. पेडल तळाला. थंड झालं की परत ठीक, त्यामुळे गॅरेजला नेल्यावर कुणाला काही सापडत नाही. म्हणून घाट उतरताना गिअर खालचा ठेवायचा, दुसरा किंवा तिसरा, आणि गाडी इंजिनवर धरायची. मामा हे लहानपणापासून सांगत आलाय, फक्त कारण सांगत नव्हता.

ठोकळा बघून मला सुपरवायझरचा राग आला, ते मात्र खरं. सिलिंडर जाणं हा अपघात होता. पण मी दोनदा सांगूनही त्याने एकदा, फक्त एकदा, पाय हळू ठेवून अर्धा मिनिट थांबून बघितलं नाही. पुढच्या गाडीला ६०च्या स्पीडने जाताना एका सेकंदात साधारण सतरा मीटर रस्ता मागे पडतो. ताम्हिणीत काही वळणांना तेवढा रस्ताच नाही.

नवा मास्टर सिलिंडर गल्लीतल्याच दुकानातून आला. ‘‘नुसतं रबर किट टाकून चालेल का?’’ असं मी पैशांसाठी विचारून बघितलं. काका म्हणाले, ‘‘भिंत खरखरीत आहे ताई, नवं रबर पण फाडेल.’’ विषय संपला. बसवायच्या आधी त्यांनी तो टेबलावरच ऑइलने भरून आतली हवा काढली. मग चारही चाकं, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमाने. ठोकळा पेडलखाली. सांडलेल्या थेंबांवर लगेच पाणी मारलं, कारण हे ऑइल रंग खातं. (माझा ‘एकेकाळी सिल्व्हर’ तरी त्यांनी वाचवला.) बिल साडेतीन हजार. त्या आठवड्यात छापून आलेल्या माझ्या दोन लेखांचं मानधन, जे अजून यायचंय.

सर्व्हिस सेंटरला मी ती फाटलेली वाटी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेऊन दाखवली. भांडायच्या तयारीने गेले होते, वाक्यं पाठ करून. सुपरवायझरने ती बोटात धरून उजेडात फिरवली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘मी फास्ट दाबून बघितलं होतं.’’ एवढंच. पैसे परत द्यायचं नाव त्याने काढलं नाही, पण मी निघताना त्याने आतल्या पोराला हाक मारली आणि बाहेर उभ्या असलेल्या एका पांढऱ्या गाडीत बसून पेडलवर हळू पाय ठेवायला सांगितलं. काचेतून दिसलं मला. तो घड्याळ बघत होता.

गणपतीच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मुळशीच्या पुढे धुकं, घाटात पाऊस, समोरचे दिवे पिवळे ठिपके. मी दुसऱ्या गिअरमध्ये. आई मुठीत मोदकाच्या साच्याची पिशवी घट्ट धरून, तोंडाने अथर्वशीर्ष. मागचा एक एसयूव्हीवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता, त्याला जाऊ दिलं. वाटेत एका टपरीवर थांबलो, तेव्हा आईने विचारलं, ‘‘अगं, गाडी थांबली की तू खाली बघून आकडे काय मोजतेस?’’

‘‘तीसपर्यंत मोजते.’’

‘‘कशाला?’’

‘‘सवय होतेय,’’ मी म्हटलं.

निजामपूर, माणगाव आणि मग हायवेचं ते गणपतीचं ट्रॅफिक, ज्याबद्दल न लिहिलेलंच बरं. दुपारी अंगणात गाडी लावली. मामा ओटीवरून उतरला. आईला नाही, मला नाही, थेट गाडीच्या दाराशी. आत बसला, सीट मागे सरकवली, इंजिन बंदच होतं. चपलेतून पाय काढून पेडलवर ठेवला. हळू. आणि आम्ही दोघी पावसात उभ्या असताना शांतपणे समोर बघत बसून राहिला.

‘‘अरे, आम्हाला आत तरी घे!’’ आई ओरडली.

‘‘थांब गं,’’ मामा म्हणाला. ‘‘बावीस झालेत.’’